गाडी उंच केली, पण नेमके काय उंच झाले?

भंडारा जिल्ह्यात तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिहोरा हे गाव लागते. अवतीभवती धानाच्या बांध्या, जवळच चांदपूरचा जलाशय. बावनथडी आणि वैनगंगा या नद्याही याच भागातल्या. डांबरी रस्ता सोडून शेताकडे वळले की पांदण सुरू होते. पावसाळ्यात ट्रॅक्टर आणि बैलगाड्या जाऊन जाऊन तिच्यात दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मधोमध मातीचा उंचवटा उरतो. पुढे कुठे बांधीचा धुरा ओलांडावा लागतो, कुठे नाल्यात उतरून पलीकडे चढावे लागते. अशा वाटेने खताची पोती नेणारी आणि धानाची पोती आणणारी गाडी म्हणून आता पिकअप सगळीकडे दिसते. तिच्यातल्या काहींत इंजिनाचा जोर चारही चाकांना देण्याची सोय असते. हीच ती 'फोर व्हील ड्राइव्ह'.

अशी गाडी ज्या घरात आहे तिथला एखादा विद्यार्थी वर्गात सहज विचारील, "सर, गाडीला लिफ्ट किट लावले तर ती पांदणीत अडकणार नाही ना?" लिफ्ट किट म्हणजे गाडी जमिनीपासून अधिक उंच करण्यासाठी बसवायचे सुटे भाग. मोठ्या शहरांतली दुकाने ते विकतात आणि उंच गाड्यांची छायाचित्रे पाहून मुलांना त्यांचे आकर्षण वाटते. या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देण्याची घाई आपण करू नये. आधी उलट विचारावे: "गाडी अडकते म्हणजे तिचा कोणता भाग कशाला लागतो?" या एका प्रश्नात भूमिती, घर्षण, गुरुत्वमध्य आणि थोडा कायदाही दडलेला आहे.

चाकोरी, धुरा आणि नाला

पिकअपखाली वाकून पाहू. (गाडी सपाट जागी उभी, इंजिन बंद, हातब्रेक लावलेला, चाकांना दगड लावलेले. हे आधी, मग वाकणे.) मागच्या दोन चाकांना जोडणारा एक जाड आडवा आस दिसतो. त्याच्या मध्यावर किंवा जरा बाजूला मडक्यासारखा फुगीर भाग असतो. तो डिफरन्शियल. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे दाते या मडक्यात असतात. बहुतेक पिकअपांचा मागच्या बाजूचा सर्वांत खालचा भाग हाच. चाके चाकोरीत उतरली की मधला उंचवटा पहिल्यांदा याच मडक्याला लागतो.

धुऱ्याचे तसे नाही. पुढची चाके धुरा ओलांडून पलीकडे उतरली आणि मागची अजून अलीकडेच आहेत, अशा क्षणी गाडीचे पोट धुऱ्याच्या माथ्यावर टेकते. इथे दोन आसांमधले अंतर आणि पोटाची उंची या दोन गोष्टी महत्त्वाच्या. नाल्यात उतरताना पुढचा बंपर समोरच्या चढाला लागतो आणि वर चढताना मागचा बंपर नाल्याच्या तळाला घासतो. म्हणजे तीन प्रकारच्या अडथळ्यांना गाडीचे तीन वेगळे भाग अडतात.

धुऱ्याचा हिशेब फळ्यावर करून पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या मोठ्या पिकअपांत, उदाहरणार्थ २०१६ मध्ये आलेली इसुझू व्ही-क्रॉस किंवा २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स, पुढच्या आणि मागच्या आसांत ३ मीटरपेक्षा थोडे जास्त अंतर असते. आपण ३ मीटर धरू. मध्यावर पोट जमिनीपासून २५ सेंमी उंच आहे असे समजू. चाकांची गोलाई सोडून दिली तर पोटाच्या मध्यबिंदूपासून पुढच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेपर्यंत एक रेषा आणि मागच्या चाकापर्यंत दुसरी रेषा काढता येते. प्रत्येक रेषा जमिनीशी जो कोन करते त्याचा टॅन्जंट ०.२५ भागिले १.५, म्हणजे ०.१६७. कोन साडेनऊ अंश, दोन्ही बाजू मिळून १९ अंश. पोट ३५ सेंमीवर नेले तर हाच कोन सुमारे २६ अंश होतो. फरक मोठा आहे. बांधीबांधीतून जाणाऱ्या माणसाला तो लगेच जाणवेल.

मग किट घ्यावे असेच म्हणायचे का? चाकोरीचा हिशेब अजून बाकी आहे.

कमानींवर जे आहे तेच वर जाते

गाडी उंच करण्याचे मार्ग मुख्यतः तीन. पहिल्यात सांगाडा आणि वरची केबिन यांच्यामध्ये ठोकळे घालतात. केबिन वर जाते, पण सांगाडा, पोट आणि आस जिथल्या तिथे राहतात. मोठे टायर बसायला जागा होते, एवढाच उपयोग. शेतकऱ्याच्या कामाचा हा प्रकार नाही. त्यावर अधिक शब्द घालवत नाही.

दुसऱ्यात कमानी बदलतात. पिकअपच्या मागच्या बाजूला पाट्यांच्या कमानी असतात. आस आणि कमान यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालतात, एखादा पाटा वाढवतात, किंवा जास्त बाक असलेल्या नव्या कमानी बसवतात. पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा असतील तर त्या लांब घेतात किंवा त्यांच्यावर जाड चकत्या ठेवतात. आणखी एक स्वस्त युक्ती म्हणजे कमानीचे एक टोक ज्या लोंबत्या पट्टीला बांधलेले असते ती शॅकल लांब करणे. हिच्यात तरफेचा एक छान धडा आहे. शॅकल ४ सेंमीने लांब केली तर कमानीचे एकच टोक ४ सेंमीने हलते, दुसरे जागेवर राहते आणि आस मध्यावर असतो; म्हणून गाडी फक्त २ सेंमीने वर जाते. शिवाय आस किंचित फिरतो. हा उद्योग पुढच्या आसावर केला तर चाकांचा मूळचा झुकाव बदलतो आणि स्टिअरिंग सरळ राहण्याचा गुण कमी होऊ शकतो.

कमानींचे कोणतेही किट घ्या, ते फक्त कमानींच्या वर असलेले वजन उचलते. आस कमानींच्या खाली आहे. तो टायरवर टेकलेला आहे आणि टायर जमिनीवर. कमानी दहा सेंमी उंच करा नाहीतर वीस, चाकोरीतल्या उंचवट्याला लागणारे ते मडके एका मिलिमीटरनेही वर जात नाही!

मडके वर न्यायचे तर चाक मोठे हवे. हा तिसरा मार्ग. टायरच्या बाजूवर २४५/७० आर १६ असे काहीतरी छापलेले असते. २४५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ७० टक्के, आणि १६ हा लोखंडी चाकाचा व्यास इंचांत. एकाच ओळीत तीन प्रकारची मापे भरणारे हे मानक आम्हांला नेहमीच गमतीचे वाटत आले आहे, पण एककांच्या रूपांतराचा सराव द्यायला ते उत्तम आहे. २४५ चे ७० टक्के १७१.५, वर आणि खाली मिळून ३४३, त्यात १६ इंचांचे ४०६ मिळवले की व्यास ७४९ मिमी. आता याच चाकावर २६५/७० चा टायर चढवला तर व्यास ७७७ मिमी होतो. व्यास २८ मिमीने वाढला, पण आस केंद्रात आहे, म्हणून तो वर गेला १४ मिमी. दीड सेंमीसुद्धा नाही.

बैलगाडीला हे कोडे फार पूर्वी सुटले होते. जुन्या लाकडी चाकाची लोखंडी धाव अरुंद असल्यामुळे ती चिखलात खोल रुतते. तरी गाडी चालते, कारण चाकच माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढे मोठे आणि आस त्याच्या मध्यावर. ट्रॅक्टरची मागची चाके मोठी असण्याच्या कारणांपैकी हे एक. चाक न वाढवता आस वर नेण्याचा एक अवघड मार्गही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत शेतीसाठी म्हणून युनिमोग नावाची गाडी तयार झाली. तिच्या दोन चाकांमधले अंतर बटाट्याच्या दोन ओळींच्या हिशेबाने १,२७० मिमी ठेवले होते. तिचा आस चाकाच्या केंद्रात न जाता त्याच्या वर येतो आणि प्रत्येक चाकाजवळ दात्यांची एक जोडी फिरकी खाली उतरवते. यंत्र म्हणून ते सुंदर आहे. महाग आणि जडही आहे, त्यामुळे साध्या पिकअपला ते परवडत नाही.

वीट घसरते की पडते?

आता गाडी उंच करण्याची किंमत पाहू. त्यासाठी वर्गात एक वीट आणि एक फळी आणा. वीट ९ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि ३ इंच जाड अशी असावी. थोडे कमीजास्त चालेल. फळीचे एक टोक हळूहळू उचलत जायचे आणि प्रत्येक वेळी कोन मोजायचा. वीट प्रथम आडवी, पसरट ठेवा. मग अरुंद लांब कडेवर अशी ठेवा की ३ इंचांची बाजू उताराच्या दिशेला येईल. शेवटी ती टोकावर उभी करा, तेव्हाही ३ इंचांचीच बाजू उताराच्या दिशेला हवी.

पसरट वीट घसरते. ती उलटण्याची वेळच येत नाही. उभी वीट घसरत नाही, कोलमडते. तिच्या उलटण्याच्या कोनाचा टॅन्जंट ३ भागिले ९, म्हणजे कोन जेमतेम साडेअठरा अंश. कडेवरच्या विटेचा कोन ३ भागिले साडेचार या गुणोत्तरावरून सुमारे ३४ अंश येतो आणि तिच्याबाबतीत खरी मजा आहे. फळी गुळगुळीत असेल तर ती घसरते, खरबरीत असेल तर पडते. फळीवर थोडी वाळू टाकून किंवा पोत्याचा तुकडा अंथरून तिचे वागणे बदलता येते. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा आणि मग करून पाहा.

नियम असा निघतो. पाया किती रुंद आणि गुरुत्वमध्य किती उंच, यांचे एक गुणोत्तर आहे. पायाची निम्मी रुंदी भागिले गुरुत्वमध्याची उंची. हे गुणोत्तर घर्षणांकापेक्षा मोठे असेल तर वस्तू आधी घसरते. लहान असेल तर आधी उलटते. गाडीच्या बाबतीत पायाची रुंदी म्हणजे डाव्या आणि उजव्या चाकांमधले अंतर. अमेरिकेतली सरकारी रस्ते सुरक्षा संस्था २००१ पासून गाड्यांच्या उलटण्याच्या धोक्याची प्रतवारी करते, आणि तिचा पाया हेच साधे गुणोत्तर आहे. लहान मोटारींत ते साधारण १.३ ते १.५ असते, पिकअप आणि उंच गाड्यांत १ ते १.३.

सोप्या आकड्यांची एक पिकअप कल्पू. चाकांमधले अंतर दीड मीटर, म्हणजे निम्मे ०.७५ मीटर. रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्यही जमिनीपासून ०.७५ मीटरवर. गुणोत्तर १, उलटण्याचा कोन ४५ अंश. कमानींचे १० सेंमीचे किट आणि वर सांगितलेले मोठे टायर बसवले. गाडीचे साधारण चार पंचमांश वजन कमानींच्या वर आहे असे धरले तर एकूण गुरुत्वमध्य कमानींमुळे ८ सेंमी आणि टायरमुळे सव्वा-दीड सेंमी, असा मिळून ९ सेंमीच्या वर जातो. गुणोत्तर ०.८९, कोन ४२ अंश. यात घाबरण्यासारखे काही वाटत नाही.

पण गाडी रिकामी कधी जाते? धानाची पोती रचली की गुरुत्वमध्य वर चढतो. तो १ मीटरवर आला असे समजा. किट नसलेल्या गाडीचे गुणोत्तर झाले ०.७५. माल कमानींच्या वरच असतो, त्यामुळे किटच्या गाडीत गुरुत्वमध्य पूर्ण १० सेंमीने वर, १.१० मीटरवर. गुणोत्तर ०.६८, कोन ३४ अंश. आता कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षणांक आठवा: सुमारे ०.७ ते ०.८. रिकामी, मूळ उंचीची गाडी आपल्या पसरट विटेसारखी होती; वेगात वळवली तर घसरली असती. पोती भरल्यावर ती कडेवरच्या विटेच्या अवस्थेला आली, इकडे किंवा तिकडे. किट आणि पोती दोन्ही मिळून ती पलीकडच्या बाजूला गेली. आता ती घसरण्याआधी उलटेल. दहा सेंमीचा खरा परिणाम हाच. कोन तीन अंशांनीच बदलला, पण अपघाताचा प्रकार बदलला.

वळणावरचा वेगही काढता येतो. वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या आणि गुरुत्वीय प्रवेग यांचा गुणाकार, ही राशी त्या गुणोत्तराएवढी झाली की आतल्या बाजूची चाके उचलली जातात. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर भरलेल्या मूळ गाडीसाठी हा वेग ताशी ४४ किमी येतो, किट बसवलेलीसाठी ४२. प्रत्यक्षात गाडी बाहेरच्या बाजूला कलते, टायर दबतात, पोती सरकतात. त्यामुळे खरी मर्यादा याहून बरीच खाली असते. आणि मातीच्या रस्त्यावर घर्षण कमी म्हणून आपण सुरक्षित, असेही समजू नये. उलटलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच आडव्या घसरत जाऊन धुऱ्याला, खड्ड्याला किंवा रस्त्याच्या कडेला अडतात आणि मग उलटतात. अडकलेल्या चाकाला घर्षणांक विचारण्यात अर्थ नसतो. पिकअपच्या मागे माणसे उभी करून नेणे किती धोक्याचे, हेही याच गणितातून दिसते. उभ्या माणसाचे वजन पोत्यापेक्षा वर असते आणि ते स्वतः हलतेही.

सांध्यांचे आणि ब्रेकचे हाल

गिअरपेटीतली फिरकी मागच्या आसापर्यंत नेणारा लांब दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. गाडी खालीवर होते म्हणून त्याच्या टोकांना अधिकच्या चिन्हासारखे सांधे असतात. गॅरेजात त्यांना क्रॉस म्हणतात. या सांध्याशी सोळाव्या शतकातल्या कार्दानो या इटालियन गणितज्ञाचे आणि सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकचे नाव जोडले जाते. स्प्रिंगचा नियम ज्याच्या नावाने आपण शिकवतो तोच हा हूक. या सांध्याची एक खोड आहे. दोन दांडे सरळ रेषेत नसतील, तर पहिला एकसारखा फिरला तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दोन दांड्यांतला कोन ५ अंश असेल तर हा फरक अर्ध्या टक्क्याहून कमी. १५ अंश असेल तर साडेतीन टक्क्यांच्या घरात. दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवले तर एकाची खोड दुसरा झाकतो. गाडी उंच केली की गिअरपेटी वर जाते, आस खाली राहतो आणि कोन वाढतात. आस जरा फिरला तर दोन्ही टोकांचे कोन सारखेही उरत नाहीत. मग विशिष्ट वेगाला गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर झिजतात. चांगल्या किटमध्ये आसाचा कोन जुळवण्यासाठी पाचरी असतात. स्वस्त किटमध्ये त्या नसतात, आणि हा फरक दुकानात सहसा कोणी सांगत नाही.

ब्रेकची गोष्ट याहून गंभीर आहे. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन कमी असते, जोरात ब्रेक लावला तर ती लगेच अडकून घसरतात. म्हणून काही पिकअपांत सांगाडा आणि मागचा आस यांच्यामध्ये एक दांडी आणि झडप असते. माल भरला की कमानी दबतात, सांगाडा आसाजवळ येतो, दांडी हलते आणि झडप मागच्या ब्रेकना जास्त दाब देते. थोडक्यात, ही झडप वजन मोजत नाही. ती अंतर मोजते आणि त्यावरून वजन ओळखते. कमानी दहा सेंमीने उंच केल्या आणि दांडी नव्याने जुळवली नाही, तर गाडी पोत्यांनी भरलेली असूनही झडपेला ती रिकामीच भासते. ज्या वेळी मागच्या ब्रेकची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच वेळी ते अर्धवट लागतात. किटबरोबर ब्रेकच्या रबरी नळ्या पुरेशा लांब आहेत का, हेही पाहावे लागते.

मोठ्या टायरचेही एक देणे असते. वेगमापक चाकाचे फेरे मोजतो. व्यास ७४९ वरून ७७७ झाला की काट्याने ६० दाखवले तरी खरा वेग ६२ च्या थोडा वर असतो. चाकाची त्रिज्या वाढली म्हणून इंजिनाचा तोच जोर जमिनीवर तितक्याच प्रमाणात कमी पडतो. आकडा लहान आहे, पण चढावर भरलेली गाडी तो जाणवून देते.

बॉनेटच्या पुढचे मूल

शाळेच्या फाटकाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा विचार केल्यावाचून आम्हांला हा विषय सोडवत नाही. चालकाचा डोळा जमिनीपासून १.७ मीटरवर, बॉनेटची पुढची कड १.१ मीटरवर आणि दोन्हींमधले आडवे अंतर १.८ मीटर आहे असे माना. डोळ्यापासून त्या कडेला स्पर्श करून पुढे जाणारी रेषा काढा. समरूप त्रिकोणांवरून दिसते की ही रेषा ६० सेंमी खाली येते तोवर १.८ मीटर पुढे जाते, म्हणजे प्रत्येक १० सेंमी उताराला ३० सेंमी पुढे. एक मीटर उंचीच्या मुलाचे डोके बॉनेटपासून ३० सेंमीच्या आत असेल तर दिसत नाही. आता गाडी १० सेंमीने उंच करा. चालकही वर गेला, कडही वर गेली, रेषेचा उतार तोच. पण मूल होते तेवढेच आहे. न दिसण्याचा टप्पा ३० वरून ६० सेंमी झाला, म्हणजे दुप्पट. मैदानात उभी गाडी, दोरी आणि मीटरपट्टी घेऊन नववीची मुले हा प्रयोग तासाभरात करतील. चालकाच्या जागी एकाने बसायचे आणि दुसऱ्याने पुढे खुर्चीवर ठेवलेली पाण्याची बाटली मागेपुढे सरकवायची.

कायदा आणि निवड

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या निर्मात्याने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. म्हणून दुकानात किट मिळते याचा अर्थ ते रस्त्यावर चालते असा नाही. अपघात झाल्यावर विम्याच्या दाव्यातही असा बदल आडवा येऊ शकतो. निर्मात्याने त्याच मॉडेलसाठी मान्य केलेला टायरचा दुसरा आकार मात्र घेता येतो. ती यादी गाडीबरोबरच्या पुस्तिकेत असते.

मग सिहोऱ्याच्या पांदणीतून जाणाऱ्याने निवड कशी करावी? पावसाळ्यानंतर गाडीखाली शिरून घासल्याच्या खुणा पाहाव्यात. त्या खोटे बोलत नाहीत. मडक्यावर ओरखडे असतील तर कमानींचे कोणतेही किट उपयोगाचे नाही. मान्य आकारातला सर्वांत मोठा टायर आणि मडक्याखाली जाड लोखंडी पत्रा, एवढेच करण्यासारखे आहे. जमेल तिथे एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरे कडेच्या मातीवर ठेवून चालवावे, म्हणजे चाकोरी गाडीच्या खाली येते. हे कसब जुन्या जीपचालकांना चांगले येत असे. खुणा पोटावर असतील तर धुरा तिरपा ओलांडून पाहावा. एका वेळी एकच चाक चढते, त्यामुळे पोटाला जास्त जागा मिळते. मात्र गाडी कलते, म्हणून हे रिकाम्या गाडीने आणि अगदी हळू. खुणा बंपरवर असतील तर नाल्याच्या उतारावर चार-दोन ट्रॉल्या मुरूम टाकणे हे कोणत्याही किटपेक्षा स्वस्त पडते आणि त्याचा फायदा बैलगाडीलाही होतो. नवीनच गाडी घ्यायची असेल तर कारखान्यातूनच उंच आलेली घ्यावी. तिचे ब्रेक, सांधे आणि दिवे त्या उंचीला जुळवलेले असतात.

पुराच्या पाण्याबद्दल एकच सांगतो. उंच गाडीने पाण्यात धाडस वाढते, पण वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि केबिन पाण्यात बुडू लागली की चाकांवरचे वजन हलके होते. बुडालेल्या पुलावर ही दोन्ही बले एकदम काम करतात.

आणि पुष्कळदा गाडी कशालाच घासलेली नसते, ती नुसती रुतलेली असते. कन्हारीसारख्या चिकण मातीत हे नेहमीचे. तिथे उंचीचा प्रश्नच नाही, प्रश्न दाबाचा आहे. चार चाकांवर २,००० किलो, म्हणजे एका चाकावर ५००. टायरमध्ये हवा ३५ पौंडांची, म्हणजे दर चौरस सेंमीला सुमारे २.४ किलो. ५०० भागिले २.४, चाक साधारण २०८ चौरस सेंमी जागेवर टेकले आहे. हवा २० पौंडांवर आणली, म्हणजे १.४ किलो, की टेकण्याची जागा ३५० चौरस सेंमीच्या वर जाते आणि तीच माती तेच वजन कमी रुतता पेलते. गाडी भरलेली असेल तर एवढी हवा काढू नये, आणि काढली तर सावकाश चालवावे. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा पूर्ण भरून घ्यायची, कारण मऊ टायर वेगात सारखा वाकतो, तापतो आणि बाजूने फाटतो. त्यासाठी दाब मोजण्याचे उपकरण आणि पायपंप हे दोन्ही सीटखाली ठेवलेले असावेत.